पंधरा किलोच्या पुढचं ओझं: तुमची सॅक कोणती आणि का? (अनुभव धागा)

दिवाळी सरली की मोठ्या ट्रेकचे बेत सुरू होतात आणि कोणीतरी हमखास विचारतं, "साठ लिटरची घेऊ की सत्तरची?" लिटरवरून सॅक ठरवायची पद्धत मला पटत नाही. लिटरवरून सामान किती मावेल ते कळतं, वजन किती पेलेल ते कळत नाही. तेव्हा जड ओझं वाहणाऱ्यांनी इथे लिहा. काय वाहता, सॅक कुठे फाटली, काय टिकलं, सगळं येऊ द्या.

सुरुवात मी करतो. आमचा गट अलंग-मदन-कुलंग या तीन गडांवर जातो. तिथल्या पायऱ्या इंग्रजांनी उडवल्या, त्यामुळे मदनच्या पॅचला, म्हणजे सरळ कातळाच्या टप्प्याला, दोर लागतोच. साडेदहा मिलिमीटर जाडीचा 50 मीटरचा दोर साडेतीन किलोच्या आसपास भरतो. त्यात हार्नेस (दोराला जोडून घ्यायचा कंबर-मांड्यांचा पट्टा), कॅरॅबिनर (दोर अडकवायची कडी), शिधा, टोप आणि फेब्रुवारीनंतर गडावरच्या पाण्याच्या टाक्यांचा भरवसा नसतो म्हणून माणशी चार-पाच लिटर पाणी. एवढं वजन खांद्यांवर घेऊन दिवसभर चालता येत नाही, ते कमरेवर उतरलं पाहिजे. त्यासाठी सॅकच्या आत अ‍ॅल्युमिनिअमच्या पट्ट्यांची ताठ चौकट आणि तिला घट्ट जोडलेला जाड कमरपट्टा हवा. चौकट लेचीपेची असेल तर पट्टा कितीही गुबगुबीत असो, सॅक मध्येच वाकते आणि भार परत खांद्यांवर येतो.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्यात अर्थ नाही. बारा-पंधरा किलो भरायला सांगा. सगळे पट्टे ढिले करा आणि आधी कमरपट्टा आवळा. कमरेच्या दोन्ही बाजूंना जी हाडं हाताला लागतात त्यांच्यावर पट्ट्याचा मध्य आला पाहिजे. मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे. ते साधारण 45 अंशांत तिरके चढायला हवेत. आडवे किंवा खाली उतरत असतील तर ती सॅक तुमच्या पाठीला आखूड आहे. शेवटी छातीचा पट्टा, तोही हलकाच. आणि तसंच वजन घेऊन वीसेक मिनिटं दुकानाचा जिना चढा-उतरा.

डोंबिवलीहून

पाठीच्या लांबीबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. मी पाच फुटांची. "मॅडम, तुम्हाला छोटी सॅक बघा" म्हणून दुकानात नेहमी चाळीस लिटरवर बोळवण होते. पण गटाचा शिधा मीही वाहते, मला साठचीच लागते. सॅकचं माप पाठीवरून काढतात, उंचीवरून नाही. मान पुढे झुकवली की तळाशी जो मणका वर येतो, तिथून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत टेप लावायची. माझं माप 41 सेंटिमीटर येतं, आणि माझ्याहून वीतभर उंच असलेल्या भावाचंही जवळपास तेवढंच!

मी डॉयटर कंपनीची एसएल, म्हणजे खास बायकांसाठीच्या मालिकेतली सॅक वापरते. तिची पाठ आखूड आहे, खांद्याचे पट्टे अरुंद आणि छातीशी वळलेले आहेत, त्यामुळे काखेत काचत नाहीत. मुलींनो, पुरुषांची सॅक "चालून जाईल" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

नाशिकहून

मी कापडाबद्दल लिहितो. डेनिअर म्हणजे 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. वरच्या भागाला 210 चालतं, पण बुडाला 420च्या खाली मी जाणार नाही. सह्याद्रीत घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, बसून उतरताना पहिलं बूडच घासतं, आणि पॅचवरून दोरानं सॅक वर ओढली की कातळ तेच खातो. बाटलीचे जाळीदार कप्पे करवंदीत अडकून फाटतात, म्हणून ते कापडी असलेले बरे.

तरी कापडाआधी शिवण मरते, हे माझं ठाम मत. सॅक उलटी करून खांद्याचा पट्टा पाठीला जिथे जोडलाय ती जागा बघा. पट्टा दोन कापडांच्या मध्ये खोल घातलेला हवा आणि त्यावर दाट आडव्या टाक्यांची पट्टी हवी. एकच सरळ शिवण असेल तर पट्टा खाली ओढून धरा. टाक्यांची भोकं लांबट होऊन त्यातून उजेड दिसला, तर ती सॅक वीस किलो घेणार नाही. माझ्या जुन्या सॅकचा पट्टा आमच्या गल्लीतल्या चांभारानं नायलॉनच्या दोऱ्यानं दुहेरी शिवून दिलाय. ती शिवण कारखान्याच्या शिवणीहून पक्की आहे.

साताऱ्याहून

पावसाळ्याचं सांगतो. कड्यावरच्या वाऱ्यात रेनकव्हर फुगतं आणि उडतं, आणि नाही उडालं तरी पाठीच्या बाजूनं पाणी आत येतंच. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून त्यात सगळं भरा. घरी आल्यावर सॅक सावलीत, कप्पे उघडे ठेवून, पूर्ण वाळवा. दमट माळ्यावर कोंबून ठेवलेल्या सॅकचा आतला पॉलियुरेथेनचा थर चिकट होतो, आंबूस वास येतो आणि मग पापुद्रे सुटतात. महाग सॅकचंही हेच होतं.

पुण्याहून, गिर्यारोहणाचा कोर्स केलेली

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स करताना एक गोष्ट अंगात मुरली: चांगली सॅकसुद्धा वाईट भरली की छळते. जड सामान पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये. स्लीपिंग बॅग तळाला, हलकं सामान बाहेरच्या बाजूला. कातळ चढायचा किंवा घसारा उतरायचा असेल तर तेच जड सामान थोडं खाली घ्यायचं, तोल सांभाळतो. बाहेर लटकवलेला टोप, चटई, चपला हे सगळं तुम्हाला मागे खेचतं. आणि सॅक उचलताना आधी वाकवलेल्या मांडीवर घ्या, तिथून पाठीवर. जमिनीवरून झटक्यात उचलून कंबर धरलेले लोक मी पाहिलेत.

कोल्हापूरहून

एसटीच्या टपावर सॅक टाकताना कमरपट्टा उलटा फिरवून सॅकभोवती आवळा. बकल लोंबकळत राहिलं की पायाखाली येऊन फुटतं. चीर असलेलं, न शिवता पट्ट्यात ओवता येणारं जादा बकल मिळतं. तुमच्या पट्ट्याच्या रुंदीचं एक कायम जवळ ठेवा.

ठाण्याहून

रिकामी सॅकच सव्वादोन-अडीच किलोची, हे ऐकून नवीन लोक बिचकतात. पाऊण किलोच्या बिनचौकटीच्या सॅक मीही आवडीनं वापरतो, पण दहा-बारा किलोपर्यंतच. त्यापुढे चौकटीचं ते दीड किलो जादा वजन खुशाल घ्यावं. गुडघ्यांचं म्हणाल, तर मी सॅकपेक्षा उतरतानाच्या दोन काठ्यांवर जास्त विश्वास ठेवतो.

लातूरहून

सगळं वाचलं, पण बजेट नाही. डिसेंबरमध्ये पहिलाच हिमालयीन ट्रेक आहे. भाड्यानं घेऊ का?

धागाकर्ता

जरूर घ्या. पण निघायच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी घ्या आणि ट्रेकचं सगळं सामान भरून गावातच दोन-तीनदा चालून बघा. घेताना कमरपट्ट्याचा फोम दाबा, सोडल्यावर परत फुगला पाहिजे. सगळी बकलं लावून ओढा, सगळ्या चेन शेवटपर्यंत फिरवा आणि पाठीतल्या पट्ट्या काढल्या तर नाहीत ना ते चाचपून बघा. पाठीचं माप इथे टाका, कोणती चालेल ते सांगतो.