पोटाचा घेर कमी केलाय? काय केलंत, किती टिकलं, लिहा

वजनावर बोलून झालंय खूप, इथे फक्त पोटाबद्दल लिहू या. आमच्याकडे ह्यांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं तेव्हापासून घरात हाच विषय चालू आहे. डॉक्टरांनी वजनकाट्याआधी टेप काढली. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंमीच्या आणि बायकांची ८० सेंमीच्या वर गेली की सावध व्हायचं असतं, म्हणजे साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. आणि प्लीज पँटचा साईज सांगू नका, पँट बरेच जण पोटाच्या खाली घालतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. पावडरी, पट्टे, चहा विकणाऱ्यांनी कृपया लांब राहा. स्वतः केलेलं आणि जमलेलं तेवढंच लिहा, फसलेलं असेल तर तेही लिहा.

*

मी डोंबिवलीची, ऑफिस फोर्टला. माझ्या जेवणात तसं काही वावगं नव्हतं, सगळा घोळ संध्याकाळचा होता. डबा एक वाजता खायचा, घरी पोचायला साडेआठ, मधे चहा बिस्किट. मग घरी आल्यावर कुकर लावला की ओट्यापाशी उभ्या उभ्या फरसाणाचा डबा उघडायचा, शिट्ट्या होईपर्यंत वाटीभर तरी पोटात गेलेलं असायचं, वर जेवण साडेदहाला आणि लगेच आडवं. आता पर्समध्ये छोटा डबा असतो, उकडलेले चणे कांदा लिंबू मारून किंवा नुसते फुटाणे, सीएसएमटीला गाडी सुटायच्या आधीच संपवते कारण नंतर हात हलवायला जागा नसते. घरी येते तेव्हा भूक असते पण हावरी नसते. नऊला मुलांबरोबरच जेवते, भांडी आवरली की शेजारची वहिनी आणि मी कंपाउंडमधे फेऱ्या मारतो, गप्पा संपेपर्यंत. जिमला वेळही नाही आणि पैसेही नाहीत. ब्लाउज सैल झाले हे आधी शिवणाऱ्या ताईंनी ओळखलं, मग मी टेप लावली.

*

शंभर क्रंचेस मारून पोट जात नाही हे आधी डोक्यात बसवा मंडळी. आतला स्नायू घट्ट होतो, पण चरबी ज्या भागाचा व्यायाम केला तिथलीच जळेल असं शरीरात काही नसतं, ती सगळ्या अंगातून थोडी थोडी जाते. मी कोल्हापूरचा, वस्तादांनी सुरुवातीलाच सांगितलेलं, पोटाकडे बघू नको, बैठका मार. दंड, बैठका आणि सकाळी रंकाळ्याला चक्कर एवढंच करतो. रविवारचा तांबडा पांढरा सोडलेला नाही आणि सोडणारही नाही, पण रोज सकाळी मित्रांबरोबर मिसळ व्हायची ती बंद केली, भाकरी दोनच, आणि संध्याकाळी पाव खाण्यापेक्षा अंडी.

*

बाळंतपणानंतरचं कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. सिझेरियननंतर वजन बरंचसं उतरलं तरी पोट पाचव्या महिन्यासारखं दिसायचं. सासूबाई म्हणायच्या पट्टा घट्ट बांध, आई म्हणायची डिंकाचे लाडू संपव मग बघू, मैत्रीण म्हणाली प्लँक कर. फिजिओथेरपिस्टनी उताणं झोपवलं, डोकं जरासं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर बोटं ठेवली, तिची तीन बोटं सरळ आत गेली. पोटाचे मधले दोन स्नायू गरोदरपणात लांब जातात आणि काही जणींचे ते आपोआप जवळ येत नाहीत, त्याला डायस्टॅसिस म्हणतात. अशा वेळी क्रंचेस आणि प्लँक घाईने केले तर फुगवटा वाढू शकतो. मला तिने श्वास सोडताना बेंबी हळू आत न्यायची, मग गुडघे वाकवून झोपून एकेक टाच पुढे सरकवायची, एवढंच दिलं. दिसायला काहीच नाही पण मन लावून केलं की घाम येतो. फट कमी झाल्यावर चालणं, मग वजनं. बायांनो आधी तपासून घ्या, आणि घरच्यांनीही तिच्या पोटावर कमेंट करणं थांबवा, खरंच खूप लागतं ते.

*

नाशिक, रिटायर्ड. मला डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने गुण आला. दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, मधे काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ कल्पना डॉ. जिचकारांची. पहिले काही दिवस चहाच्या वेळेला जीव कासावीस होतो, नंतर सवय होते. शर्टाची शेवटची दोन बटणं आता ताणत नाहीत.

*

काकांना गुण आला छान झालं, पण शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन जेवणं करू नका. माझ्या आईची शुगर एकदम खाली गेली होती, घाम फुटला, हात थरथरायला लागले, साखर चारली म्हणून निभावलं.

*

मी बारीक आहे, हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे. लोकांना वाटतं बारीक माणसाला काय होतंय, आणि माझं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेलं. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं ह्यावर मोठं काम आहे. २००४ साली लॅन्सेटमधे त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. तेव्हापासून मी बीएमआयवर विश्वास ठेवणं सोडलं. मला वजन कमी करायचंच नव्हतं, स्नायू वाढवायचे होते. म्हणून डंबेल्स, दोन्ही जेवणात उसळ किंवा पनीर, भाताची मूद अर्धी. काटा जवळपास तिथेच आहे, पट्टा मात्र दोन भोकं आत आलाय.

*

हिंजवडी, यूएस शिफ्ट. वरती सगळ्यांनी खाण्याचं लिहिलंय पण झोपेचं कोणीच नाही. पहाटे चारला लॉग आउट, सकाळी डोअरबेल, कचरेवाला, कुकर, सलग झोप कधीच नाही, आणि झोप तुटली की दिवसभर गोड आणि तळलेलंच खावंसं वाटतं, इच्छाशक्ती वगैरे काही चालत नाही. घरच्यांशी बसून बोललो, खोलीला जाड काळे पडदे लावले, दारावरची बेल माझ्या झोपेच्या वेळात बंद. शिफ्टमधे रात्री दोनला मागवायचो ती बिर्याणी बंद करून घरचा डबा, तोही अकराच्या आत. उठल्यावर पर्वती, १०३ पायऱ्या, दम लागला की थांबायचं, परत चढायचं. पोट कमी व्हायला वेळ लागला पण दुपारचं ते गोड मागणं पहिल्यांदा गेलं. शिफ्टवाले अजून कोणी आहेत का? रात्री डब्यात नेमकं काय नेता ते सांगा, पोळीभाजी खाऊन मला तीन वाजता पेंग येते.