टेक्ट्रॉनिक्स ४६५: +१५ ची रेल शॉर्ट, आणि १५१- नंबरचा ट्रान्झिस्टर कुठे मिळेल?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

कॉलेजच्या भंगार लिलावातून आलेला टेक्ट्रॉनिक्स ४६५ ऑसिलोस्कोप हातात आहे. पॉवर दिली की पंखा फिरतो, स्क्रीनवरचे चौकोन उजळतात, पण ट्रेस (सिग्नलची प्रकाशरेषा) नाही. बीम फाइंडर (स्क्रीनबाहेर गेलेला ट्रेस आत आणणारं बटण) दाबूनही काही दिसत नाही. +१५ व्होल्टच्या रेलच्या (आतल्या सप्लाय लाइनच्या) टेस्ट पॉइंटवर ०.३ व्होल्ट येतात. केबल काढून ग्राउंडशी मोजलं तर १.८ ओहम.

एकेक पार्ट न उपटता शॉर्ट शोधायचा कसा? शिवाय एका ट्रान्झिस्टरचा पाय तुटलाय, त्याचा नंबर १५१-०१९०-००. जळगावला गोलाणी मार्केटात विचारलं, असा नंबरच नसतो म्हणाले.

कावीया_अमळनेर

भाऊ, ४६५ मध्ये +१५ बसली म्हणजे पहिला संशय टॅन्टलम कपॅसिटरवर. आतला ऑक्साइडचा थर फार पातळ असतो. सेट वर्षानुवर्षं बंद पडून राहिला आणि मग एकदम पॉवर मिळाली की त्या थरातली कमजोर जागा फुटते आणि कपॅसिटर शॉर्ट होतो. टेकने (टेक्ट्रॉनिक्सने) प्रत्येक बोर्डावर रेल जिथे शिरते तिथे असे कपॅसिटर बसवलेत, त्यामुळे उमेदवार बरेच आहेत.

आधी पाचही रेल ग्राउंडशी मोजा: −८, +५, +१५, +५५, +११०. चांगल्या सेटमध्ये पहिल्या तीन काही दशक ओहम किंवा जास्त दाखवतात, वरच्या दोन त्याहून पुष्कळ जास्त. दोन रेल बसलेल्या असू शकतात, म्हणून एकावर थांबू नका.

मग बेंच सप्लाय घ्या. व्होल्टेज १ व्होल्टच्या आत, करंट लिमिट ०.५ अँपिअर. प्लस +१५ च्या टेस्ट पॉइंटला, मायनस चॅसिसला. एवढ्या कमी व्होल्टेजला आयसी किंवा ट्रान्झिस्टरला धोका नाही. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा, एक प्रोब टेस्ट पॉइंटवर कायम, दुसरा +१५ च्या ट्रॅकवरून पुढे सरकवत न्या. करंट ज्या वाटेने शॉर्टकडे जातोय त्या वाटेवर रीडिंग वाढत जाईल. एखाद्या फाट्यावर वळलात आणि आकडा तिथल्यातिथे राहिला, तर त्या फाट्यात करंट नाही, मागे फिरा. आकडा सगळ्यात मोठा होऊन जिथे थांबतो त्या पार्टचा एक पाय डी-सोल्डर करा.

तुमचे १.८ ओहम लक्षात घेण्यासारखे आहेत. शॉर्ट थेट रेलवर असेल तर बहुधा याहून कमी दाखवलं असतं. छोट्या सिरीज रेझिस्टर किंवा चोकच्या (कॉइलच्या) पलीकडचा कपॅसिटर गेला असण्याची शक्यता बरीच आहे. करपलेला, तपकिरी पडलेला रेझिस्टर दिसतोय का ते आधी बघा, पाच मिनिटांत काम होईल.

बोटाने गरम पार्ट चाचपायची पद्धत आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उपयोगाची नाही, खोलीच ४२-४३ अंशांवर असते. सकाळी लवकर बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ हात फिरवा, गरम पार्टवरचं आधी उडतं.

बदलताना +१५ वर २५ किंवा ३५ व्होल्टचा घाला. रेलच्या डीकपलिंगला (सप्लायचा गोंगाट गाळायला) १०५ डिग्रीचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) इलेक्ट्रोलिटिक चालतो, तेवढ्याच किंवा दुप्पट मायक्रोफॅरडचा. स्वीपच्या (ट्रेस आडवा पळवणाऱ्या सर्किटच्या) टायमिंगमध्ये मात्र असा बदल करू नका. खुणा उलट असतात हे विसरू नका: टॅन्टलमवरची खूण प्लसची, इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी मायनसची. आणि −८ च्या रेलवर कपॅसिटरचा प्लस ग्राउंडकडे जातो. इथे चूक झाली तर नवा कपॅसिटरही फुटतो.

भुसावळ_लूपलाइन

नंबरचं सांगतो. १५१-०१९०-०० म्हणजे साधा २एन३९०४. दुकानदाराला टेकचा नंबर सांगून काही होणार नाही, हा नंबर फक्त त्यांच्या स्टोअरपुरता आहे. पहिले तीन आकडे पार्टचा प्रकार सांगतात: १५१ ट्रान्झिस्टर, १५२ डायोड, २९० इलेक्ट्रोलिटिक आणि टॅन्टलम, १५४ पिक्चर ट्यूब, १५६ बाजारात मिळणारे आयसी, १५५ टेकने स्वतः घडवलेले आयसी. १५१-०१८८-०० म्हणजे २एन३९०६. १५२-०१४१-०२ म्हणजे १एन४१५२, त्याजागी १एन४१४८ बिनदिक्कत लावा. सर्व्हिस मॅन्युअलच्या शेवटी पार्ट लिस्टमध्ये टेकच्या नंबरासमोर बऱ्याचदा मूळ नंबर छापलेला असतो. दुकानात जायच्या आधी ती यादी उतरवून घ्या. दुर्मिळ म्हणून ज्यासाठी लोक महिनोन्महिने थांबतात, त्यातलं पुष्कळसं रुपया-दोन रुपयांचं असतं. पार्ट लिस्टमध्ये ‘सिलेक्टेड’ किंवा जोडीने निवडलेला असं लिहिलं असेल तिथे मात्र कुठलाही लावू नका, व्हर्टिकल (ट्रेस वर-खाली नेणाऱ्या) ॲम्प्लिफायरचा बॅलन्स जातो.

दुकानदार ‘सेम टू सेम’ म्हणून बीसी५४७ देईल. बऱ्याच जागी तो चालतो, पण पाय उलटे आहेत. सपाट बाजू तुमच्याकडे धरली तर २एन३९०४ एमिटर-बेस-कलेक्टर, बीसी५४७ कलेक्टर-बेस-एमिटर. फिरवून बसवावा लागतो. ४६५ मध्ये पुष्कळ ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये असतात, पाय काळवंडले की संपर्क तुटतो. एकेक काढून, पाय पुसून, त्याच दिशेने परत बसवा. अर्धे ‘खराब’ ट्रान्झिस्टर असेच बरे होतात.

खरी अडचण १५५ च्या आयसींची. ते नव्याने बनत नाहीत, दुसऱ्या मेलेल्या सेटमधूनच काढावे लागतात. सुटा आयसी परदेशातून मागवण्यापेक्षा इथल्या लिलावातला दुसरा ४६५ अख्खा घेतलेला परवडतो, सोबत नॉब, कॅम स्विच आणि पिक्चर ट्यूबही येते. सेट दहा किलोच्या वर भरतो. कुरिअरने पाठवू नका, जाऊन आणा. विकणाऱ्याकडे ट्रेस दिसत असलेला फोटो मागा. बाकी किरकोळ सामान मुंबईला लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याला बुधवार पेठेत एका फेरीत मिळतं.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सापडला! व्हर्टिकलच्या बोर्डावर एक रेझिस्टर करपला होता, त्याच्या मागचाच टॅन्टलम शॉर्ट. काढल्यावर रेल ४० ओहमच्या वर गेली, दोन्ही पार्ट नवे घातले. आता +१५ वर १४.९८ आहेत, ट्रेस आला. पण अंधूक आहे. पिक्चर ट्यूबच्या कॅथोडचे −२४५० व्होल्ट साध्या मीटरने मोजता येतील का?

कावीया_अमळनेर

थेट नाही, मीटर आणि हात दोन्ही जातील. १० मेगओहमचे अर्ध्या वॉटचे ९ रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा, जाड स्लीव्हमध्ये घाला, दुसऱ्या टोकाला १० मेगओहम इनपुटचा मीटर, डीसी १००० वर. मीटरवर −२४५ यायला हवा, त्याला गुणिले १० म्हणजे −२४५०. आधी सेट बंद, मग जोडणी, मग पॉवर. चालू असताना मीटरची वायर सुटली तर त्या टोकावर पूर्ण हाय व्होल्टेज चढतं. मोजताना एक हात खिशात ठेवा.

त्याआधी +५५ पाहून घ्या, बाकीच्या रेलना तिचाच आधार आहे. ५५ बरोबर, −२४५० बरोबर आणि तरी ट्रेस अंधूक, तर ब्राइटनेस वाढवून बघा. ट्रेस फुगत असेल, फोकस पसरत असेल तर मल्टिप्लायर (ॲनोडचं हाय व्होल्टेज बनवणारा भाग) संशयित. नुसताच मंद असेल तर ट्यूब थकली असण्याची शक्यता आहे. पिक्चर ट्यूबच्या ॲनोडजवळ हात घालण्याआधी तो हाय व्होल्टेज सोसणाऱ्या रेझिस्टरमधून चॅसिसला डिस्चार्ज करा. तिथे १५ किलोव्होल्टच्या वर असतं आणि पॉवर काढल्यावरही ते लगेच उतरत नाही.