मॅग्नमच्या ओतीव बुलेटचं माप: नळीला विचारायचं की सिलिंडरला?

ओतारीबुवा:
गेले दोन महिने माझी .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आणि मी एकमेकांशी धड बोलत नाही. घरी ओतलेल्या बुलेट्स ०.३५८ इंचाला साईज करतो (डायच्या नेमक्या मापाच्या भोकातून दाबून काढतो), ल्यूब म्हणजे वंगण व्यवस्थित लावतो. तरी पन्नासेक गोळ्या झाडल्या की फोर्सिंग कोनपासून (नळीच्या मागच्या निमुळत्या तोंडापासून) पुढे बोटभर अंतरात नळीत शिसं चढलेलं असतं. ब्रश फिरवला की चंदेरी पापुद्रे बाहेर पडतात, आणि तेवढ्यावर भागत नाही, अर्धा तास घासावं लागतं.

सगळ्यांचा सल्ला एकच: नळीचा ग्रूव्ह (आतल्या खाचांपाशी भरणारा व्यास) मोज, त्यात एक हजारांश इंच मिळव, झालं. मोजला. ०.३५७ भरला. म्हणजे हिशोबाने ०.३५८ बरोबर. मग शिसं का चढतंय?

काल सिलिंडर काढून हातात घेतला आणि ल्यूब न लावलेली, साईज केलेली बुलेट पुढच्या बाजूने एकेका थ्रोटमध्ये (चेंबरचा, म्हणजे गोळी बसते त्या भोकाचा, पुढचा अरुंद भाग) सोडली. पाच थ्रोटांतून ती नुसत्या वजनाने टपकन खाली. सहाव्यात जरा अडली, पेन्सिलीने ढकलल्यावर गेली. म्हणजे पाच थ्रोट बुलेटपेक्षा मोठे आहेत! गोळी उडाली की गॅस बाजूने पुढे घुसणार, शिसं कापत जाणार, आणि ते कापलेलं शिसं फोर्सिंग कोनला लिंपलं जाणार.

तर माझं मत असं. रिव्हॉल्व्हरमध्ये बुलेट आधी थ्रोटमधून जाते, मग सिलिंडर आणि नळी यांमधली फट ओलांडते, आणि मग कुठे नळीत शिरते. बुलेट थ्रोटच्या मापाची हवी. नळीला विचारूच नका. मी ०.३५९ ची सायझिंग डाय मागवतोय. कुणाला वाद घालायचा असेल तर या.

सरळनळी:
आलो. बुवा, निम्मं पटलं. "नळीला विचारूच नका" हे मात्र अजिबात नाही.

थ्रोट ग्रूव्हपेक्षा बारीक निघाला तर काय करणार? .४५ कोल्टच्या काही रिव्हॉल्व्हरांत थ्रोट ०.४५० ते ०.४५१ आणि नळी ०.४५२ अशी जोडी सापडते. तुमच्या नियमाने बुलेट ०.४५१ करायची. ती थ्रोटमधून ऐटीत जाईल आणि नळीत गेल्यावर खुळखुळ्यासारखी. मोठी बुलेट घातली तरी थ्रोट तिला पिळून बारीक करणारच. तिथे बुलेट बदलून उपयोग नाही, जाणत्या गनस्मिथकडून थ्रोट रीम करून, म्हणजे कोरून मोठे करून, घ्यावे लागतात. आणि ही जोडी उलटी आहे हे कळणार कसं? नळी मोजूनच ना?

ग्रूव्ह अधिक एक हा नियम कुणी झोपेत काढलेला नाही. सुरुवात तिथूनच करायची.

ओतारीबुवा:
सुरुवात तिथून करायला हरकत नाही, लोक शेवटही तिथेच करतात ही माझी तक्रार आहे. पण उलट्या जोडीचा मुद्दा मान्य. "विचारूच नका" मागे घेतो. "आधी सिलिंडरला विचारा" असं वाचावं.

काटेकोर:
एक भाबडी शंका. ०.३५७ कशाने मोजलंत?

ओतारीबुवा:
डिजिटल कॅलिपर. चांगला आहे.

काटेकोर:
वाटलंच होतं. इथे भांडण एका हजारांशाचं, आणि स्वस्त-महाग कुठल्याही कॅलिपरची चूक साधारण तेवढीच असते. दहा-हजारांश दाखवणारा मायक्रोमीटर घ्या.

दुसरं, नळीला खाचा किती? पाच असतील (स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरांना बहुधा पाचच असतात) तर एका खाचेच्या बरोबर समोर खाच नसून उंचवटा येतो. नळीतून ठोकून काढलेला शिशाचा तुकडा दोन सपाट जबड्यांत धरला की खरं माप मिळतच नाही, आकडा कमी येतो. त्यासाठी व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा) लागतो. तो नसेल तर माहीत असलेल्या जाडीची पातळ पट्टी तुकड्याभोवती घट्ट गुंडाळून मोजा आणि पट्टीची जाडी दुप्पट करून वजा करा. सहा खाचा असतील तर हा त्रास नाही.

तिसरं, तुकडा शुद्ध शिशाचा होता की बुलेटच्याच मिश्रधातूचा? कडक शिसं ठोकल्यावर किंचित मागे उसळतं, माप मोठं दाखवतं. तुमच्या ०.३५७ वर माझा काडीचा विश्वास नाही, राग नसावा.

ओतारीबुवा:
राग नाही. खाचा पाच आहेत. तुकडा बुलेटच्याच शिशाचा होता. आता बोलणी खायला मोकळा आहे.

पोलादी_शिसं:
एवढ्या आकडेमोडीची गरजच काय? मॅग्नमला मऊ शिसं चालत नाही, विषय संपला. ३५,००० पीएसआयपर्यंत दाब जातो तिथे. छपाईचं जुनं लायनोटाईप (शिशाचा कडक मिश्रधातू) वितळवून ओता, ब्रिनेल कडकपणा २२ च्या आसपास मिळतो. पाहिजे तर मागे तांब्याचा गॅसचेक (तळाला बसणारी वाटी) लावा. शिसं चढणार नाही.

सरळनळी:
हा सल्ला ऐकून मी एकदा आख्खी संध्याकाळ नळी घासत बसलो होतो.

कडक बुलेट बारीक असेल तर ती बारीकच राहते, दुखणं तिथेच आहे. दाबाने बुलेटचा तळ फुगून फट बुजावी लागते. जुना ढोबळ हिशोब असा की ब्रिनेल आकड्याला १,४२२ ने गुणलं की तेवढ्या पीएसआयला तो धातू नमायला लागतो. चाकाच्या वजनांचं शिसं १२ धरलं तर साधारण १७,०००. तुमचं २२ वालं साधारण ३१,०००. हौशी माणूस मॅग्नमच्या केसमध्ये (पितळी पुंगळीत) रोज बारुदाचे जे मध्यम लोड भरतो त्यात ३१,००० येतात कुठे? कडक बुलेट फुगत नाही, गॅस बाजूने निघतो, आणि आपण म्हणतो अजून कडक हवं. माप बरोबर असेल तर १२ चं शिसंही मॅग्नममध्ये निमूट चालतं.

पोलादी_शिसं:
माझ्या .४४ मध्ये चालतं. डोळ्यांनी पाहतो ते खोटं?

सरळनळी:
खोटं नाही. लायनोटाईप थंड होताना कमी आकसतं, त्यामुळे त्याच साच्यातून बुलेट जराशी मोठी पडते. तुम्हाला जे श्रेय कडकपणाचं वाटतंय ते कदाचित मापाचं असेल. दोन्ही प्रकारच्या बुलेट मोजून बघा आणि इथे आकडे टाका.

रंगारी:
पावडर कोटिंग करा (बुलेटवर भुकटीचा रंग भाजून चढवा) आणि झोपा. ल्यूब नको, धूर नाही, शिसं नाही. २०० अंश सेल्सिअसला वीस मिनिटं भट्टीत. (भट्टी वेगळी ठेवा, स्वयंपाकाची नको, हे सांगावं लागतं.) माझ्यापुरता हा अख्खा वाद कालबाह्य आहे.

काटेकोर:
रंगाने व्यास एक-दोन हजारांशांनी वाढतो हे सोयीस्करपणे विसरलात. म्हणजे तुम्हीही बुलेट जाडच केलीत, फक्त रंग देऊन. शिवाय जाडी किती वाढली हे न पाहता भरलेली गोळी चेंबरमध्ये बसली नाही की मग धावाधाव. केसची भिंत दोन्हीकडून धरायची, अधिक बुलेट. ही बेरीज चेंबरच्या मापाखाली राहिली पाहिजे.

रंगारी:
म्हणून तर रंगवल्यावर पुन्हा साईज करतो. सांगायचं राहिलं.

काटेकोर:
म्हणजे सायझिंग डायचं माप तुम्हालाही ठरवावंच लागतं. या, बसा आमच्यात.

नवशिक्या_७:
मी अजून नुसता वाचतोय. एक मूलभूत प्रश्न: नाव .३८ स्पेशल आणि .४४ मॅग्नम, मग बुलेट ०.३५८ आणि ०.४२९ कशी?

जुनी_खोड:
जुन्या काळी बुलेट बाहेरून केसएवढीच जाड असायची, फक्त टाच बारीक करून केसमध्ये खोचलेली. नावं त्या काळातली. पुढे अख्खी बुलेट केसच्या आत गेली, व्यास घटला, नाव तेच राहिलं. १९३५ ला .३५७ मॅग्नम आली तेव्हा निदान नाव खऱ्या मापाचं ठेवलं. १९५५ च्या सुमारास .४४ मॅग्नम आणताना पुन्हा जुन्या सवयीवर.

आता बुवांसाठी. सगळे सिलिंडर आणि नळीवर तुटून पडलेत. मला वेगळाच संशय आहे. तुम्ही ०.३५८ म्हणता, ते सायझिंग डायमधून बाहेर आल्यावरचं माप. केसमध्ये बसवल्यानंतर ती बुलेट किती उरते, ते पाहिलंय का? साध्या डाय-सेटमधला एक्स्पांडर (केसचं तोंड रुंदावणारा दांडा) जॅकेटवाल्या, म्हणजे धातूचं आवरण असलेल्या, बुलेटसाठी केलेला असतो, बराच बारीक. केसचं तोंड पुरेसं उघडत नाही आणि पितळ मऊ शिशाला आवळतं. बुलेट लांब असेल तर आणखी वाईट, कारण केसची भिंत खाली जाड होत जाते आणि तळ नेमका तिथेच जाऊन बसतो. त्यात भर म्हणजे क्रिम्प करता करता (केसची कड बुलेटवर आवळताना) गोळी बाहेरून पुन्हा साईज करणारी कार्बाईड डाय. ती वापरता?

ओतारीबुवा:
वापरतो. सगळे म्हणतात गोळ्या एकसारख्या होतात.

जुनी_खोड:
होतात ना. एकसारख्या बारीक. बारूद आणि प्रायमर न घालता एक डमी भरा, पुलरने बुलेट काढा आणि मोजा. ०.३५९ ची डाय त्यानंतर मागवा.

सरळनळी:
याच्याशी पूर्ण सहमत, तरी माझा हट्ट सोडत नाही: नळी व्ही-ब्लॉकवर पुन्हा मोजा. आणि तुकडा ठोकताना चौकटीपाशी, जिथे नळी आट्यांत पिळून बसवलेली असते, तिथे हाताला अडल्यासारखं लागलं का ते सांगा. तिथे नळी चिमटली असेल तर बुलेट आधी पिळली जाते आणि पुढे सैल पडते.

ओतारीबुवा:
तीन दिवसांनी हजर. उशीर झाला कारण मायक्रोमीटर मित्राकडून आणायचा होता.

शुद्ध शिशाचा तुकडा, पट्टी गुंडाळून मोजला: ग्रूव्ह ०.३५७५. चौकटीपाशी अडल्यासारखं काही लागलं नाही, सबंध नळीत सारखाच दाब. थ्रोट पाच ०.३५८५, सहावा ०.३५८. म्हणजे बंदूक गुणी आहे. दोन महिने तिला उगाच शिव्या घातल्या.

आता डमी. बसवण्याआधी मायक्रोमीटरवर ०.३५८. पुलरचे चार ठोके दिले, बुलेट बाहेर आली, हातात घेतल्यावरच तळाशी कंबर आवळल्यासारखी दिसली. वरच्या पट्ट्यावर ०.३५७५, तळाच्या पट्ट्यावर ०.३५६५. मी नळीपेक्षा बारीक गोळ्या झाडत होतो.

जुनी_खोड:
काखेत कळसा.

पोलादी_शिसं:
माझी लायनोटाईपची बुलेट केसमध्ये आवळली गेली नसती, एवढं नोंदवून ठेवतो.

सरळनळी:
हे मात्र खरं आहे, नाईलाजाने.

ओतारीबुवा:
दोघांनाही एकेक गुण. कार्बाईड क्रिम्प डाय काढून ठेवली, साधा रोल क्रिम्प देणार. एक्स्पांडर ०.३५७ च्या आसपासचा शोधतोय. ०.३५९ ची डाय मागवलेली आहेच, ती परत करणार नाही, कारण पाच थ्रोट अजूनही ०.३५८५ आहेत आणि माझं मूळ मत तसूभरही हललेलं नाही. आधी गोळ्या सहाही चेंबरमध्ये बसतात का ते पाहीन, सहाव्याच्या थ्रोटवर विशेष लक्ष ठेवून.

सरळनळी:
०.३५८ ला नीट भरून आधी पन्नास झाडा, मग ०.३५९. दोन्ही एकदम बदललंत तर शिसं कशाने थांबलं ते कळणार नाही, आणि पुढच्या धाग्यात तुम्ही श्रेय थ्रोटलाच द्याल.