आपल्या माणसाचं पहिलं काम: काय आडवं आलं, कसं बाजूला केलं? (अनुभव धागा)

ओसरी:
माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला स्किझोफ्रेनिया निघाला, डिग्री कशीबशी पूर्ण झाली आणि मग अकरा वर्षं घरात. गोळ्यांनी आवाज यायचे थांबले, तब्येत बरीच स्थिर झाली, पण "मग सध्या काय करतोस?" याला उत्तर नाही म्हणून त्याने लग्नकार्याला येणंही सोडलं होतं.

तीन वर्षांपूर्वी ओळखीतून एका गोडाऊनमध्ये नाइट शिफ्ट मिळाली. आजाराचं अवाक्षर काढू नकोस असं आम्हीच बजावलेलं. रात्रीच्या गोळीने झोप येते म्हणून तो गोळी टाळायला लागला, आम्हाला कळेपर्यंत सात आठवडे गेले, आणि पुन्हा ॲडमिट करावं लागलं. चूक आमची होती, त्याची नाही.

यावेळी उलट केलं. गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना सगळं खरं सांगितलं, पगार नको, आठवड्यातून दोन दिवस नुसतं येऊ द्या म्हटलं. त्याला सकाळी दहापर्यंत गुंगी असते म्हणून वेळ ११ ते १. काम काय, तर पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची. पहिल्या दिवशी दोन तासांत चार पुस्तकं झाली. गोळ्यांमुळे हाताला कंप आहे, कोपरा दुमडताना कागद सुटायचा, मग तो चिकटपट्टी काढून पुन्हा लावायचा, पुन्हा काढायचा. बाई शेजारी बसून आपल्या नोंदी करत राहिल्या. घाई नाही आणि उगाच कौतुकही नाही. सहा महिन्यांनी देवघेवीच्या काउंटरवर बसायला लागला, आता पाच दिवस जातो, मानधन मिळतं.

तुमच्या घरात, ओळखीत असं कोणी असेल, आजार, अपंगत्व, व्यसन, एकटी पडलेली बाई, काहीही, तर लिहा ना. जिद्द होती म्हणून जमलं एवढंच नको, नेमकं काय अडलं ते बारीकसारीक लिहा.

निशिगंध:
माझी लेक २६ वर्षांची, बौद्धिक अक्षमता आहे. अठराव्या वर्षी शाळा संपली, मग कार्यशाळेत कागदी पिशव्या आणि दिवाळीत उटण्याची पाकिटं. काम तिला चटकन यायचं, अडलं ते पुण्यातल्या बसपाशी. एका कँटीनमध्ये तिला घ्यायला तयार होते, पण रोज नेआण करायला मी नोकरी सोडणं शक्य नव्हतं.

मग दीड महिना बसचाच अभ्यास. पहिले पंधरा दिवस मी शेजारी, नंतर मी मागच्या सीटवर, शेवटी मी बसमागून स्कूटरवर. सगळं छान बसलं आणि मेट्रोच्या कामामुळे थांबा शंभरेक पावलं पुढे सरकला. ती जुन्याच जागी उभी, बस तिच्या समोरून निघून गेली आणि मी पलीकडून बघतेय. धावत जावंसं वाटलं, गेले नाही. तिने पर्समधलं कार्ड काढून एका काकूंना दाखवलं, त्यांनी हात धरून पुढे नेलं.

पगारासाठी खातं उघडताना बँकेने फार फिरवलं. मूल अठराचं झालं की अशा मुलांचेही आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत हे मला तेव्हा कळलं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र काढावं लागतं. मुलं लहान आहेत त्यांनी आत्ताच माहिती काढून ठेवा प्लीज.

सह्यवारा:
माझ्या ओळखीतला पोलिओ झालेला एक जण झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस बसतो, महिना ४,०००. मालक ५,००० द्यायला तयार झाला तर घरच्यांनीच नको म्हणून सांगितलं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,०००, म्हणजे हजार रुपये वाढले की सरळ पेन्शन जायची भीती. दुकान उद्या बंद पडलं तर पेन्शन परत सुरू करायला किती चकरा, हे त्यांना पक्कं माहीत आहे. त्यांना आळशी कसं म्हणायचं? मला या नियमाचा खरंच राग येतो.

पांढरी:
मी बीड जिल्ह्यात बचतगटांचं काम करते. नवरा वारल्यावर एकटीने दोन लेकरं सांभाळणारी एक ताई, तिला शिवणकाम शिकायचं होतं. आरसेटीचं (बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार संस्थेचं) प्रशिक्षण फुकट, राहणं-जेवण तिथेच, तरी ती दोनदा नाही म्हणली. तिसऱ्यांदा घरी जाऊन बसले तेव्हा खरं निघालं, म्हशीची धार कोण काढणार आणि लेकरं रात्री कोणापाशी झोपणार. गटातल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या, आणि बॅच आम्ही गुढीपाडव्यानंतरची धरली, कारण त्याआधी निम्म्या बायका ऊसतोडीला गेलेल्या असतात. आता ती शाळेचे गणवेश शिवते. मशीन मिळालं पण गावात संध्याकाळी लाइट नसते, म्हणून पायाने चालणारंच घेतलं.

कृष्णाकाठ:
कुपवाड एमआयडीसीत माझं पुठ्ठ्याच्या बॉक्सचं छोटं युनिट आहे. दोन कर्णबधिर मुलं घेतली. मशीन थांबल्याची बेल त्यांना ऐकू येणार नाही म्हणून लाल दिवा लावला, खर्च अगदी किरकोळ. त्रास झाला तो डबा खाताना. बाकीचे हसले की आपल्यालाच हसतात असं धाकट्याला वाटायचं, तो बाहेर जाऊन एकटा जेवायचा, एक दिवस यायचाच बंद झाला. घरी जाऊन आणला. मग मोठ्याला म्हटलं, जेवण झालं की आम्हाला रोज दोन खुणा शिकव. माझ्यासकट सगळे शिकलो, आता डबे एकत्र उघडतात.

गुलबक्षी:
नवऱ्याची नजर चाळिशीत गेली, रेटिनायटिस पिगमेंटोसा. कॉम्प्युटर बोलता करणारं एनव्हीडीए फुकट मिळतं, ते तीन महिन्यांत शिकला. अडलं पांढऱ्या काठीवर. सोसायटीत कोणी बघेल म्हणून काठी घडी करून बॅगेत, आणि दिव्यांगांच्या डब्यात चढायचं नाही. मी बोलले नाही, आठ महिने ठाणे स्टेशनपर्यंत सोडायला गेले. मग त्या डब्यातल्याच एका गृहस्थांशी ओळख झाली आणि आपणहून चढला. काठी अजून सोसायटीचं गेट ओलांडल्यावरच उघडतो, असू दे.

एक_दिवस:
स्वतःचं लिहितो. चौदा वर्षं दारू, मुक्तांगणमध्ये उपचार घेतले, बाहेर आल्यावर गॅरेजवाल्या जुन्या मित्राने कामावर घेतलं. काम येत होतंच, भीती पगाराच्या दिवसाची. मीच त्याला म्हटलं, पगार बायकोच्या खात्यात टाक, मला रोज चहापाण्याचे तेवढे दे. पगाराच्या संध्याकाळी मी एएच्या (दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या) मीटिंगला जातो, चुकवत नाही. पाच वर्षं झाली.

ओसरी:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. आमच्याकडे आता दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरून वाद चालू आहे. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार आहे, ४० टक्के आणि वर असेल तर सरकारी भरतीत जागा राखीव असतात. आई म्हणते शिक्का बसेल. भाऊ म्हणतो काढूया, पण दाखवायचं कोणाला ते मी ठरवणार. मला त्याचं पटतं. निशिगंधताई, तुमच्या लेकीच्या कार्डावर काय लिहिलं होतं? त्यालाही एकट्याने एसटीने तालुक्याला जायचंय.

निशिगंध:
वर तिचं नाव आणि माझा नंबर. खाली बस नंबर आणि उतरायच्या थांब्याचं नाव, मोठ्या अक्षरात. मागे एक ओळ, "मला बस दाखवा, पुढचं मला येतं." ती ओळ तिने सांगितली, मी फक्त लिहिली. लॅमिनेट करून घ्या, घामाने शाई पसरते.