पुणे–बेळगाव–बेंगळूर अतिवेगवान रेल्वे: आपण मागावी की नको?

टिळकवाडीकर
अतिवेगवान रेल्वेच्या (बुलेट ट्रेनच्या) नकाशावर आपल्या बेळगावचा पत्ताच नाही. मुंबई–अहमदाबादचं काम चालू आहे. त्यानंतर अभ्यासाला घेतलेल्या मार्गांत मुंबई–हैदराबाद होता, तो पुण्याहून सोलापूरकडे वळतो. चेन्नई–बेंगळूर–मैसूर होता, तो तिकडच्या तिकडे. पुण्यापासून बेंगळूरपर्यंतचा सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे हा अख्खा पट्टा कोरा. मुंबईच्या लेखी आपण कर्नाटकातले, बेंगळूरच्या लेखी टोकावरचे. मग आपल्यासाठी भांडणार कोण?
10 ऑगस्ट 2025 ला बेंगळूर–बेळगाव वंदे भारत सुरू झाली. आनंदच आहे, पण 611 किलोमीटरला साडेआठ तास, म्हणजे ताशी 72. गाडी 160 ची, चाल एसटीपेक्षा जराशी बरी. ताशी 320 ची गाडी असती तर थांबे धरून तीन तासांत पोचलो असतो. सीमाभागातल्या सगळ्या संस्थांनी मिळून ही मागणी आतापासून लावून धरावी, असं मला वाटतं. म्हणून हा चर्चेचा धागा काढला. बोला.

रूळवेडा
दादा, आधी हिशेब बघा. मुंबई–अहमदाबाद 508 किलोमीटर, मूळ अंदाज 1,08,000 कोटी. किलोमीटरला दोनशे कोटींच्या वर. पुणे–बेंगळूर हमरस्त्याने सुमारे 840 किलोमीटर. त्याच दराने पावणेदोन लाख कोटी होतात, आणि हा दर जुना आहे. तिथे 81 टक्के रक्कम जपानने 0.1 टक्के व्याजाने 50 वर्षांसाठी दिली. इथे कोण देणार?
वंदे भारत का रखडते तेही सांगतो. दोष गाडीचा नाही, वाटेचा आहे. बेळगावहून धारवाडला जायचं तर खानापूर, लोंढा, अळणावर असा वळसा, 121 किलोमीटर. कित्तूरवरून सरळ मार्ग झाला तर 73. हा मार्ग मंजूर आहे. सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना त्यांनी तो पुढे रेटला. 2020 मध्ये ते वारले आणि त्यानंतर भूसंपादनातच वर्षं गेली. 48 किलोमीटर वाचवणारं काम हातात असताना बुलेट कसली मागताय?

देसूरचा शेतकरी
रूळवेडा साहेब, ‘भूसंपादनात वर्षं गेली’ हे एका ओळीत लिहून मोकळे झालासा. ती वर्षं आमच्या शिवारात गेली. देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळी, सगळी पिकाऊ जमीन. विरोध रेल्वेला नाही, आखणीला हाय. माळरानाकडनं न्या म्हणून किती वेळा सांगितलं.
भरपाई कशी ठरते बघा. कायद्यात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत लिवलंय. पण बाजारभाव म्हणजे कुठला? सरकारी दर नाहीतर रजिस्टर झालेल्या खरेदीपत्रांतला, जास्त असंल तो. स्टँप ड्युटी वाचवायला लोकांनी कागदावर कमी आकडा घातलेला असतो. त्या खोट्या आकड्याची चौपट आमच्या हातात येणार. त्यात उताऱ्यावर अजून आज्जाचं नाव. वारस सात, त्यातल्या दोन आत्या सासरी, एक चुलता मुंबईला. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत पैसे कोर्टात पडून. नोटीस येते ती कानडीत. आमचा म्हातारा ती घेऊन गल्लीत वाचणारा हुडकत फिरतो. तुमची गाडी तीनशेनं जाऊ दे नाहीतर सातशेनं, त्याला काय फरक?

हिंजवडीत अडकलेली
शेतकरी दादांचं पटतं, पण आमची बाजू पण ऐका. बेळगावची निम्मी पोरं पुण्यात आहेत. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्स, शनिवारी उजाडता घरी, रविवारी रात्री पुन्हा ट्रॅव्हल्स. गणपती-दिवाळीला तिकीट दुप्पट. पुणे–हुबळी वंदे भारत सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाली, ती आठवड्यातून तीन दिवस. आईला अचानक दवाखान्यात नेलं तर मी ‘आज गाडीचा वार आहे का’ हे बघत बसायचं? दीड-दोन तासांत घर गाठता आलं तर कितीतरी जण बेळगाव सोडणारच नाहीत.

निपाणीकर
तुम्ही बुलेटवर भांडा. आमच्या निपाणीला साधी रेल्वे पण नाही. कोल्हापूर–निपाणी–बेळगाव मार्गाची मागणी ऐकत आम्ही म्हातारे झालो. आजही कोल्हापूरहून बेळगावला रेल्वेने यायचं तर मिरजेचा वळसा. तंबाखूचं एवढं गाव, स्टेशन नाही.

टिळकवाडीकर
@निपाणीकर काका, म्हणूनच तर म्हणतोय. नवी लाईन हमरस्त्याला धरून आली तर निपाणी वाटेतच आहे.
@देसूरचा शेतकरी, अतिवेगवान मार्ग बहुतेक खांबांवरून जातो. अहमदाबादच्या मार्गात सुमारे 460 किलोमीटर पूल आहे आणि पट्टा 17.5 मीटर रुंद. किलोमीटरला साधारण सव्वाचार एकर. साध्या रेल्वेच्या भरावाला याहून जास्त जमीन लागते. शिवाय खांबांखालून पाणी वाहतं. भराव घातला की बांधाबांधात तुंबतं.

वडगाव शिवार
पाण्याचं तुम्ही बोललात म्हणून लिहितो. बळ्ळारी नाला फुगला की शहापूर-वडगावच्या भातात काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. बासमतीची ही जमीन, रोप लावलं की चार दिवस पाणी वर उभं राहिलं तर कुजून जातं. मग दुबार रोप कुठून आणायचं? त्या हिशेबाने खांब बरे, हे मान्य. पण हलगा–मच्छे बायपास रस्त्याच्या वेळी पण आम्हाला सगळं गोडच सांगितलं होतं. पीक उभं असताना जेसीबी आला. कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आता कुणी नकाशा दाखवला की आधी धडकीच भरते. खांब उभारताना क्रेन जायला रस्ता लागतो, पुलाचे काँक्रीटचे भाग ओतायला कास्टिंग यार्ड लागतं. त्याची जमीन तुमच्या सव्वाचार एकरांत धरलीय का?

रूळवेडा
नाही धरलेली. यार्डाची जमीन बऱ्याचदा भाड्याने घेतात, पण काँक्रीट ओतलेल्या रानात पुन्हा भात येत नाही हे खरं.

खानापूरची लेक
सगळे पुण्या-बेंगळूरचंच बोलतायत. अतिवेगवान गाडीचे थांबे किती? अहमदाबाद मार्गावर 508 किलोमीटरला 12. म्हणजे आपल्या जिल्ह्यात एक, फार तर दोन. खानापूर, लोंढा, घटप्रभा, कुडची यांनी गाडी नुसती बघायची? कोविडनंतर पॅसेंजरला एक्स्प्रेसचं भाडं लावलं होतं, ते 2024 पर्यंत चाललं. भाजीची बुट्टी घेऊन बेळगावला जाणाऱ्या बाईने ते वर्षानुवर्षं भरलं, तेव्हा कुणी धागा काढला नाही.
आणि जंगलाकडे मार्ग वळवायचा विचारही नको. घाटातून गोव्याकडे जाणाऱ्या कॅसलरॉक–कुळे मार्गाच्या दुहेरीकरणाची मान्यता 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली, ती काही उगीच नाही.

टिळकवाडीकर
ताई, धागा काढला नाही हे कबूल. पण एक मागितलं म्हणून दुसरं मिळत नाही असं थोडंच आहे?

खानापूरची लेक
तसंच आहे की! बागलकोट–कुडची मार्ग बघा, 2010-11 साली मंजूर झालेला. अजून कुडचीला पोचायचाय.

हिंजवडीत अडकलेली
मग कित्तूर मार्ग आधी, आणि पुण्याची वंदे भारत रोज. एवढं तरी सगळ्यांना चालेल ना?

देसूरचा शेतकरी
पुण्याची रोज सोडा, खुशाल. कित्तूर मार्गाला ‘सगळ्यांना’ म्हणू नका. आखणी माळाकडनं वळवा, मग पहिली सही माझी घ्या.