प्रतिसाद: पॉवर विडर चोक सोडला की बंद पडतो

दादा, तुमचा पॉवर विडर (तण काढायचं मशीन) चोक सोडला की बंद पडतो म्हणून वर कुणीतरी इंजिनचे रिंग-पिस्टन काढायला सांगितलंय, ते आत्ता अजिबात करू नका. चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) अर्धा ओढल्यावर इंजिन नीट चालतं आणि सोडला की वर-खाली होऊन बंद पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पावसाळाभर शेडात उभ्या राहिलेल्या मशीनचं हे नेहमीचं दुखणं. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल कोल्हापूरच्या दमट हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाच्या) तळात चिकट गाळ बसतो.

आधी टाकीचं झाकण ढिलं करून चालवून बघा. फरक पडला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, काम झालं.

नाहीतर कॉक (पेट्रोलचा नळ) बंद करून कार्बोरेटरची खालची वाटी खोला, बहुतेक मशीनला 10 चा पाना लागतो. मेन जेट (पेट्रोल सोडणारी मुख्य बारीक नळी) काढाच, पण खरा चोर पायलट जेट, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल देणारा छोटा जेट. त्याचं भोक केसाएवढं असतं. उजेडाकडे धरल्यावर गोल, स्वच्छ दिसलं पाहिजे. कार्ब क्लीनर आणि हवा मारा. सुई किंवा तार घालू नका, पितळ आहे, भोक मोठं झालं की जेट वाया. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवा मिळतो.

बसवताना कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट (सांधा बंद करणारी पातळ चकती) फाटकं असेल तर बदला, तिथून हवा ओढली तरी हीच लक्षणं दिसतात. स्पार्क प्लगच्या टोकांमधला गॅप 0.7 ते 0.8 मिमी ठेवा.

पुढच्या वेळी मशीन ठेवताना कॉक बंद करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.