टेनिसमध्ये पैसे नक्की किती? (मुलगा १३ वर्षांचा, ठाणे)

घोडबंदरची_आई

नमस्कार मंडळी. मुलगा आठवीत आहे, चार वर्षं टेनिस खेळतोय. पहाटे साडेपाचला त्याला स्कूटरवरून कोर्टावर सोडते. त्या वेळी घोडबंदर रोडवर डंपर आणि आम्ही दोघंच असतो. गेल्या रविवारी कोचनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, नववीपासून नेहमीची शाळा सोडा, ओपन स्कूलमधून परीक्षा द्या, पोराला दिवसाला पाच तास खेळू दे.

त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या ग्रुपवर मेसेज फिरत आला, की यूएस ओपन जिंकून अल्काराझला ४४ कोटी मिळाले. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "आणि हरला त्याला काय मिळतं गं?" मला काही सांगता येईना. कुणाला नीट माहिती आहे का? स्पर्धांना बाहेरगावी नेण्यात आत्ताच वर्षाला साडेतीन लाख जातात, म्हणून विचारतेय.

चौथा_सेट

आकडा खरा आहे. २०२५ च्या यूएस ओपनला एकेरीच्या विजेत्याला ५० लाख डॉलर होते, अल्काराझला आणि सबालेन्काला सारखेच. तिथे बायका-पुरुषांना सारखं बक्षीस १९७३ पासून आहे, विम्बल्डनला त्यासाठी २००७ उजाडलं. जोकोविचची आजवरची नुसती बक्षिसं १८ कोटी डॉलरच्या वर गेलीत.

आणि मोठ्या खेळाडूंचा खरा पैसा बक्षिसात नसतोच. फेडररने २०१८ मध्ये युनिक्लोचे कपडे घातले तेव्हा दहा वर्षांसाठी ३० कोटी डॉलर अशा बातम्या होत्या. त्याची अख्ख्या कारकिर्दीतली बक्षिसं १३ कोटी!

सासऱ्यांना सांगा, हरणाराही उपाशी राहत नाही. त्याच यूएस ओपनमध्ये पहिल्या फेरीत हरलेल्याला १ लाख १० हजार डॉलर मिळाले. ९६-९७ लाख रुपये झाले की हो. मी तर उद्यापासून हरायला तयार आहे.

गटवाला_नौपाडा

ताई, मी नौपाड्यात रॅकेटचं गटिंग करतो, म्हणजे रॅकेटच्या जाळीची दोरी (गट) बसवतो. त्याआधी स्वतः खेळायचो. २०१३-१४ च्या सुमारास फ्युचर्स (व्यावसायिक टेनिसच्या सर्वांत खालच्या स्पर्धा) खेळलो, कमाई दोन रँकिंग पॉइंट, जागतिक नंबर चौदाशेच्या पुढे. त्यामुळे हरणाऱ्याला काय मिळतं ते माझ्याकडे वहीत लिहिलेलं आहे. (वही खरोखरच आहे. आईने रद्दीत जाऊ दिली नाही.)

चंदीगडचं पान उघडून बसलोय. जाण्यायेण्याची स्लीपरची तिकिटं, पाच रात्री तिघांत एक खोली, जेवण, रिक्षा. बेरीज १४,२००. पहिल्या फेरीत ६-४, ७-५ हरलो. बक्षीस ११७ डॉलर ५० सेंट, म्हणजे तेव्हाच्या भावाने सात हजारांच्या आसपास, तेही कर कापायच्या आधी. खर्चात कोच नाही, कारण कोच नव्हताच. फिजिओ म्हणजे ज्यूसवाल्याकडून मागून आणलेला बर्फ.

पण त्याच पानावर एक वेगळी ओळ आहे. मी सोबत गटिंगचं छोटं मशीन नेलं होतं. दोनशे मीटरच्या एका रीळात सोळा रॅकेट होतात. रात्री खोलीत बसून इतर पोरांच्या सव्वीस रॅकेट केल्या, गट त्यांचं, मजुरी माझी, अडीचशे रुपये एकीचे. ६,५००. खेळून जेवढं मिळालं जवळजवळ तेवढंच, आणि यात हरायची भानगड नाही. पुढच्या वर्षी मी काय धंदा करणार ते त्या रात्रीच ठरलं होतं, मला कळायला सात-आठ महिने लागले एवढंच.

आजही सर्वांत खालच्या, १५ हजार डॉलरच्या स्पर्धेत पहिल्या फेरीला १५६ डॉलर मिळतात, आणि जिंकणाऱ्याला २,१६०. म्हणजे आठवडाभर कुणालाही न हरता पावणेदोन-दोन लाख. विमानाचं तिकीट, हॉटेल, खाणं त्यातूनच.

आता चौथा_सेट साहेबांच्या ९७ लाखांकडे येतो. ग्रँड स्लॅम म्हणजे यूएस ओपनसारख्या वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा. तिथल्या मुख्य ड्रॉमध्ये जागा १२८. त्यातल्या १६ क्वालिफायरना (आधीच्या पात्रता फेऱ्या जिंकून येणाऱ्यांना), ८ वाइल्ड कार्डवाल्यांना (आयोजक थेट घेतात त्यांना). उरल्या १०४, त्या जागतिक नंबरावर. तुमचा नंबर त्या १०४ च्या आत असेल तर वर्षातल्या चारही स्लॅममध्ये पहिलीच मॅच हरलात तरी तीन कोटींच्या वर मिळतात. नंबर १४० असेल तर आधी क्वालिफाइंगच्या तीन मॅच जिंका, मग त्या पहिल्या फेरीचं तोंड बघा. दोघांना शेजारच्या कोर्टांवर उभं केलं तर कुठला शंभरावा आणि कुठला एकशेचाळिसावा हे मलासुद्धा ओळखता येणार नाही. पासबुक बघून शाळेतलं पोरही सांगेल.

सुमित नागलचं उदाहरण ताजं आहे. २०२३ मध्ये आपला एक नंबरचा एकेरी खेळाडू, आणि त्याने उघड सांगितलं की बँकेत ९०० युरो उरलेत, म्हणजे ८० हजार रुपये. वर्षाचा खर्च ८० लाख ते एक कोटी, तोही एकच कोच सोबत नेऊन, फिजिओशिवाय. चार महिन्यांनी मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, तो तीन क्वालिफाइंग मॅच जिंकून आत गेला आणि ३१ व्या मानांकित बुब्लिकला त्याने हरवलं. त्या एका विजयाने १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, जवळपास ९८ लाख. माणूस तोच, फोरहँडही तोच.

२०२४ पासून एटीपीने (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) थोडा आधार दिलाय. पहिल्या शंभरातल्या खेळाडूची वर्षाची बक्षिसं ३ लाख डॉलरपेक्षा कमी भरली तर फरक ते देतात. १०१ ते १७५ ला तेव्हा दीड लाख, २५० पर्यंत ७५ हजार ठरले होते. अडीचशेच्या खाली ज्याचं त्याने बघायचं.

कोपरीचा_सीए

यात आमच्या खात्याची भर. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून साधारण ३० टक्के कर जागेवरच कापतात. इथे त्याचं क्रेडिट मिळतं, पण त्यासाठीचा वेगळा फॉर्म भरला तर. ब्रिटन तर जाहिरातींच्या पैशातही वाटा मागतं. २०१२ मध्ये नदाल लंडनची क्वीन्स स्पर्धा सोडून जर्मनीत हॅलेला खेळायला गेला तो याच कारणाने, त्याने स्वतःच तसं सांगितलं होतं. नंतर कोचची टक्केवारी वेगळी. दुहेरीत तर जाहीर होणारा आकडा जोडीचा असतो. २०२४ ला बोपण्णा आणि एब्डन मेलबर्नला जिंकले, ७ लाख ३० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, ते दोघांत वाटून.

घोडबंदरची_आई

दादा, म्हणजे खेळवू नको म्हणताय का?

गटवाला_नौपाडा

छे, असं कुठे म्हटलं? शाळा सोडवू नका, एवढंच. माझ्या बॅचच्या तिघांनी दहावी कशीबशी केली. त्यातला एक आज क्लबात मार्कर आहे, मेंबरांना बॉल घालतो. चांगला खेळायचा हो तो, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. सोमदेव देववर्मन कॉलेज करत खेळला, व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी दोनदा अमेरिकन कॉलेजांची एकेरी जिंकली, आणि त्यानंतर जगात ६२ पर्यंत गेला. म्हणजे शिकत खेळण्याची वाट आहे. पण तिकडच्या कॉलेजात जायचं तर आधी मार्क दाखवावे लागतात. तेव्हा तुमच्या कोचना एक प्रश्न विचारा: तुमच्या हाताखालच्या किती पोरांना एटीपीचा एक तरी पॉइंट आहे? उत्तर द्यायला किती वेळ घेतात ते बघा.

आणि मुलगा गट किती दिवसांनी तोडतो?

घोडबंदरची_आई

तीन आठवड्यांत एक. कोच म्हणतात गटाचं टेन्शन (ताण) कमी करा, हा ऐकत नाही, टीव्हीवरच्यांसारखं ५५ पाउंडच हवं.

गटवाला_नौपाडा

तेरा वर्षांच्या मनगटाला ५५? कोपर धरेल त्याचं. ४८ करा, आणि पॉलिएस्टर काढून मऊ गट घाला. तीन आठवड्यांत तोडतोय म्हणजे मारतो मात्र जोरात.

घोडबंदरची_आई

सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं. चंदीगडचं पान दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्या गटवाल्याला विचार, सुट्टीत आपल्या पोराला गटिंग शिकवेल का."

गटवाला_नौपाडा

शनिवारी दुपारी दुकान रिकामंच असतं. पाठवा. येताना स्वतःची तुटलेली रॅकेट आणायला सांगा.